तात्यासाहेबांच्या नावाची फळी

“माणूस बुडावर बसतो, हा मानवजातीचा फार जुना गैरसमज आहे. माणूस पायांवर बसतो.”

डॉ. हेरंब साठ्ये यांनी हे वाक्य इतक्या गांभीर्याने उच्चारलं की आम्हा सगळ्यांच्या वह्या आपोआप उघडल्या. ते उच्चारताना डॉक्टर स्वतः टेबलाच्या कडेवर बसले होते आणि त्यांचे दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर मजेत झोके घेत होते. पण ते पुण्याहून आले होते, त्यामुळे कोणी काही बोललं नाही.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट, बार्शीतल्या एका बालविकास केंद्रातली. मी तेव्हा तिथल्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होते. ज्या मुलांना बसता येत नाही, मान धरता येत नाही, ज्यांचे हातपाय ताठतात नाहीतर भलतीकडेच वळतात, अशा मुलांना कसं बसवायचं, कसं उचलायचं, कसं भरवायचं, हे डॉक्टरांना, नर्सना आणि आमच्यासारख्यांना शिकवण्यासाठी केंद्राने तीन दिवसांचं शिबिर ठेवलं होतं. साठ्ये शिकवायचे उत्तम. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की माणूस अडाणी असावा. अडाणी असता तर मला एवढा राग आला नसता.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला उंच टेबलांवर ओळीने बसवलं. पाय लोंबकळते ठेवायचे, हात मांडीखाली दाबायचे, मान मागे टाकायची आणि शेजाऱ्याने चमच्याने पाणी पाजायचं. माझ्या वाट्याला परांड्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. लोमटे आले. सफारी घातलेला चांगला भरभक्कम माणूस. दुसऱ्याच चमच्याला त्यांना असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले आणि पाणी नाकातून सफारीवर आलं.

“मेलो की वो मॅडम!”

“मॅडमना दोष देऊ नका,” साठ्ये म्हणाले. “आता सगळ्यांनी पाय स्टुलावर टेका. मान आपोआप पुढे येईल. आता प्या.”

पाणी सुरळीत गेलं. लोमट्यांनी खात्रीसाठी अख्खा ग्लास संपवला.

“कळलं? पाय अधांतरी असले की शरीर आधार शोधत ताठ होतं. पाय ताठले की कंबर घसरते, कंबर घसरली की पाठ जाते, पाठ गेली की मान मागे पडते. मान मागे पडली की घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत. म्हणून घोटा, गुडघा, कंबर. तीन काटकोन! मूल तोंडाने जेवत नाही, तळपायांनी जेवतं.”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. अजूनही वाजवीन, वाक्य खरं आहे.

शिबिरात शिकायला एक खरं मूल लागतं. ते मी आणलं होतं. कोमल मिसाळ, वय वर्षं चार. जन्मताना रडायला उशीर झाला आणि मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले, पाठ मागे ताणलेली. डोक्याने मात्र लख्ख. माझी हनुवटी बघून ती हसायची. का, ते मला कधी कळलं नाही. तिची आई रंजना तिला मांडीत आडवी घेऊन भरवायची. वाटीभर वरणभाताला सगळी सकाळ जायची आणि त्यातला बराचसा ठसक्याबरोबर बाहेर यायचा. वर्षातून दोनतीनदा छाती भरायची, मग दवाखाना, मग परत मांडी.

रंजनाला एकच गोष्ट हवी होती. तिच्या गल्लीतल्या बालवाडीच्या बाई म्हणाल्या होत्या, “बसती करा, मी जूनमध्ये घेते. मांडीत घेऊन मला बाकीची पोरं सांभाळता येणार नाहीत.” बाईंचंही काही चूक नव्हतं. रंजनाने ते वाक्य मला इतक्यांदा ऐकवलं होतं की माझंही पाठ झालं होतं.

“म्याडम, जूनपातूर बसंल का वो ही?”

“खुर्ची मिळाली की बसेल.”

आणि खुर्ची मिळणार होती. शिबिराचा दुसरा दिवस त्यासाठीच होता. कोमलची मापं घ्यायची, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, कंबरेपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत, सगळी. आणि त्या मापाबरहुकूम केंद्राच्या सुताराने खुर्ची करायची. लाकडी खुर्ची, पाठीला नि बुडाखाली फोम, कंबरेच्या दोन्ही बाजूंना अरुंद लाकडी पट्ट्या, छातीशी पट्टा, समोर ताटासाठी ट्रे आणि खाली पाय टेकवायला फळी. तिसऱ्या दिवशी समारोपाला ती समारंभपूर्वक कोमलला द्यायची. पैसे देणार होते जयवंतराव बुरगुटे, बुरगुटे ऑइल मिलवाले, वडिलांच्या स्मरणार्थ.

इथे केंद्राची एक रीत सांगायला हवी. त्या इमारतीत नाव नसलेली वस्तू नव्हती. वजनकाट्यावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, शौचालयाच्या दारावर एका दांपत्याचं नाव, विवाहाच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त. पंख्यांच्या पात्यांवरही नावं होती. पंखा फिरायला लागला की ती वाचता येत नसत, म्हणून देणगीदार आले की मे महिन्यातही पंखे बंद करायचे आणि देणगीदाराने घाम पुसत स्वतःच्या आजोबांचं नाव वाचायचं. हे सगळं केंद्राचे सचिव शिवलिंगप्पा कोरे बघत. त्यांना सगळे आप्पा म्हणत. माणूस प्रामाणिक होता. एक पैसा इकडचा तिकडे व्हायचा नाही, आणि एक नावही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची आली. आम्ही कोमलला बसवलं. कंबर मागे टेकवली, पट्टा लावला, पाय सोडवून फळीवर नीट ठेवले. कात्री सुटली. मग पाठ सैल पडली आणि मान हळूहळू वर आली. कोमल सगळ्यांकडे आळीपाळीने असं बघू लागली, जणू आम्हीच तिला दाखवायला आणलेले होतो. माझ्या हनुवटीपाशी आल्यावर हसली.

रंजनाने ट्रेवर वाटी ठेवली आणि घास दिला. गेला. दुसरा दिला. गेला. ठसका नाही, काही नाही. रंजनाचा डावा हात पोरीच्या मानेखाली असायची सवय झालेला. तो आता नुसताच हवेत राहिला. तिने तो पदराला पुसला, मग खुर्चीच्या पाठीवर ठेवला, मग परत काढला.

“ह्या हाताचं आता काय करू?” तिने मला विचारलं, आणि स्वतःच लाजून हसली.

डॉ. लोमट्यांनी चष्मा काढून पुसला. साठ्ये म्हणाले, “तीन काटकोन!” आणि चहाला गेले.

तेवढ्यात आप्पा आले.

“अरे अरे अरे! पाय काढा! आधी पाय काढा तिचे!”

मला वाटलं विंचू निघाला. मी वाकून बघितलं. विंचू नव्हता.

“काय झालं आप्पा?”

“पोरगी कशावर पाय देऊन बसलीय, बघा जरा.”

“पाय ठेवायच्या फळीवर.”

“आणि फळीवर काय लिहिलंय?”

मी कोमलची पावलं जराशी बाजूला केली आणि वाचलं. पांढऱ्यावर लाल, कडेला वेलबुट्टी: ‘कै. तात्यासाहेब बुरगुटे यांच्या स्मरणार्थ’.

पेंटरचा दोष नव्हता. पाठीला रेक्झिन, बैठकीला रेक्झिन, ट्रेला सनमायका. नाव मावेल अशी सपाट लाकडी जागा खुर्चीभरात एकच होती, आणि ती समोर होती, फोटोत येईल अशी. गेली कित्येक वर्षं तो केंद्रातल्या वस्तूंवर असंच नाव घालत आला होता. वस्तूचा उपयोग काय, हे त्याला कधी विचारावं लागलं नव्हतं.

रंजनाने मात्र ऐकलं आणि कोणी सांगायच्या आत पोरीचे पाय उचलून धरले. फळीला बोटं लावून कपाळाला लावली. “चुकलं वो आप्पा. ध्यानच न्हवतं माझं.”

पाय उचलल्याबरोबर कोमल ताठली आणि खाल्लेला घास तिच्या नाकाशी आला.

“तुमचं काही चुकलं नाही, पाय खाली ठेवा,” मी म्हटलं.

“नका ठेवू,” आप्पा म्हणाले. “मॅडम, चार वाजता जयवंतराव स्वतः येणार. बापाच्या नावावर पाय बघायला बोलवायचं का त्यांना?”

“मग फळी उलटी करू. नाव खाली जाईल.”

“म्हणजे तात्यासाहेबांना पालथं घालायचं?”

“नावावर टॉवेल टाकू.”

“तोंडावर कापड? मॅडम, जरा शुभ बोला!”

“पांढरा रंग मारून नाव ट्रेवर घालू.”

“ट्रेवर पोरगी लाळ गाळणार.”

“पाठीमागे घालू.”

“पाठीमागे घातलेलं कुणाला दिसणार? आणि रंग चारपर्यंत वाळणार का?” आप्पा खुर्चीभोवती फिरले. त्यांना खरोखरच यातना होत होत्या. अखेर ते थांबले. “सरांना विचारू. ते यातले जाणकार आहेत.”

मला हायसं वाटलं. यातले जाणकार व्हरांड्यात बशीतून चहा पीत होते. आप्पांनी अडचण सांगितली. साठ्ये शांतपणे ऐकत होते.

“काढा की मग फळी,” ते म्हणाले. “दोन स्क्रू तर आहेत.”

मी म्हटलं, “सर?”

“कार्यक्रमापुरती.”

“सर, फळी काढली की पाय लोंबकळणार. तीन काटकोन...”

“मॅडम, काटकोन हे ध्येय असतं, आग्रह नव्हे.” त्यांनी बशी खाली ठेवली. “शिवाय मुलाला सतत आधारावर ठेवूनही चालत नाही. थोडं आव्हान द्यावं लागतं. डायनॅमिक सिटिंग म्हणतात त्याला.”

शेजारी उभ्या असलेल्या डॉ. लोमट्यांनी वही काढली आणि ‘डायनॅमिक सिटिंग’ लिहून घेतलं. परवा याच माणसाच्या नाकातून पाणी आलं होतं.

“निदान पायांखाली एखादा पाट तरी ठेवू दे,” मी म्हटलं.

“पाट?” आप्पा म्हणाले. “स्टेजवर? बुरगुट्यांनी दिलेली खुर्ची अपुरी पडली, म्हणून खाली पाट लावला, असं दिसेल ते.”

स्क्रू काढले गेले.

रंजनाने मला बाजूला घेतलं. “म्याडम, वाद नका घालू. फळी काडली तर काडू द्या. खुर्ची तर देत्यात न्हवं?”

“देतायत. पण फळीशिवाय तिला त्या खुर्चीचा काय उपयोग?”

“मागनं बसवू की. आता त्येंच्या मनासारकं हू द्या.”

मी वाद सोडला. खुर्ची तिची होती.

चार वाजता समारोप सुरू झाला. पंखे बंद. स्टेजवर मध्यभागी खुर्ची, खुर्चीत कोमल. बाजूच्या टेबलावर पांढरं कापड, त्यावर फुलदाणीला टेकवून तिरकी उभी केलेली फळी. तिला झेंडूचा हार घातला होता आणि समोर उदबत्ती लावली होती. ज्या लाकडासाठी सकाळभर डोकेफोड झाली ते आता सगळ्यात मानाच्या जागी होतं, आणि त्याच्यापासून दोन हातांवर कोमलचे पाय हवेत लोंबकळत होते.

जयवंतराव आले. साधा, थकलेला माणूस. त्यांनी फळीला नमस्कार केला आणि ती खुर्चीला का लावलेली नाही, हे काही विचारलं नाही. त्यांना कसं कळणार, की खुर्चीला फळी असते.

मी पहिल्या रांगेत होते. कोमलचे पाय ताठायला लागलेले दिसत होते. मग अंगठे खाली वळले, मग गुडघे एकमेकांवर चढले. माइकने एकदम कर्कश शीळ घातली आणि कोमल अशी दचकली की कंबर सुटून पुढे आली. पट्टा छातीवरून सरकत गळ्याकडे निघाला. मी उठले.

“बसा हो मॅडम,” लोमटे कुजबुजले. “आव्हान दिलंय तिला.”

त्यांनी हे थट्टेने म्हटलं की मनापासून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माइकवर साठ्ये बोलत होते. “पाहा, तीन दिवसांपूर्वी हे मूल बसू शकत नव्हतं. आज ते आपल्यासमोर बसलेलं आहे.” कोमल तेव्हा बसलेली नव्हती. ती खुर्चीतून धनुष्यासारखी बाहेर येत होती आणि छताकडे बघत होती. लोक टाळ्या वाजवत होते.

“आता जयवंतरावांच्या हस्ते या बालिकेचं तोंड गोड करावं,” आप्पा म्हणाले.

स्टीलच्या ताटलीतून पेढा आला. जयवंतरावांनी अख्खा उचलला, फोटोवाल्याकडे बघितलं, आणि मागे पडलेल्या त्या उघड्या तोंडात तो प्रेमाने ठेवला.

आवाज आला नाही. आवाज आला असता तर बरं झालं असतं. कोमलचे डोळे मोठे झाले आणि ओठांचा रंग बदलायला लागला. खाली बसलेली रंजना “अगं बया” म्हणून किंचाळली.

मी स्टेजवर कशी चढले ते आठवत नाही. पट्टा सोडला, कोमलला पुढे वाकवलं, पाठीत तळव्याचे जोरात रट्टे दिले. पेढा सुटला आणि जयवंतरावांच्या बाहीवर जाऊन पडला. कोमल खच्चून रडली. त्या हॉलमध्ये तीन दिवसांत ऐकलेला तो सगळ्यात चांगला आवाज होता. पण पाय अजून ताठच होते आणि ती पुन्हा मागे ताणायला लागली होती. पायांखाली काहीतरी हवं होतं, आत्ता, याच क्षणी. हाताशी एकच गोष्ट होती.

मी टेबलावरची फळी उचलली, गुडघ्यांवर बसले, आणि ती कोमलच्या पावलांखाली दोन्ही हातांनी धरून ठेवली. हारासकट.

पावलं टेकली. कात्री सुटली. मान पुढे आली. कोमल हुंदके देत, नाक ओढत सरळ बसली.

“मॅडम!” आप्पांचा आवाज माइकवरून अख्ख्या गल्लीत गेला. “मॅडम, काय करताय काय तुम्ही!”

“शिबिरात शिकवलेलं.”

“पाय काढा आधी!”

“नाही काढणार.”

“मॅडम, भावना आवरा,” साठ्ये दातांतून म्हणाले.

“सर, मूल कशाने जेवतं?”

“ही वेळ नव्हे.”

“परवा टाळ्या घेतल्यात तुम्ही त्या वाक्यावर. सांगा ना, कशाने जेवतं?”

साठ्यांनी घड्याळ बघितलं.

जयवंतरावांनी रुमालाने बाही पुसली. पेढ्याने काय झालं असतं, हे त्या स्टेजवर त्यांना एकट्यालाच कळलं होतं. ते खाली वाकले, फळीवरचा हार बाजूला केला आणि कोमलची पावलं स्वतःच्या हाताने नीट ठेवली.

“असू द्या हो आप्पा,” ते म्हणाले. “तात्यांच्या छाताडावर आमच्या घरची सगळी नातवंडं नाचलीत. त्यांना काय त्याचं? लावा फळी आणि द्या पोरीला खुर्ची.”

मला वाटलं, संपलं. तुम्हालाही वाटलं असेल.

खुर्ची त्या दिवशी कोमलला मिळाली नाही. पाहुणे गेल्यावर आप्पांनी ती स्टेजवरून उतरवून हॉलच्या कोपऱ्यात ठेवली आणि वर प्लास्टिक टाकलं.

“आप्पा, ते स्वतः म्हणाले ना, लावा फळी म्हणून?”

“तो त्यांचा मोठेपणा. चारचौघांत दुसरं काय म्हणणार बिचारे? त्यांनी मोठेपणा दाखवला म्हणून आपण हलकेपणा दाखवायचा का?”

“मग खुर्ची कधी देणार?”

“नावाचा प्रश्न सुटला की लगेच. कार्यकारिणीसमोर ठेवतो.”

साठ्ये गाडीत बसत होते. मी त्यांना गाठलं. “सर, तुमचा शब्द आप्पा मोडणार नाहीत. एवढं सांगा त्यांना.”

“हे बघा,” ते म्हणाले, “तुमची तळमळ मला समजते. पण संस्थेच्या अंतर्गत बाबतीत बाहेरच्या माणसाने पडू नये. तुम्ही घरी बसवा ना तिला काहीतरी करून. तुम्ही तर तयार झाला आहात आता.” आणि काच वर केली.

घरी आम्ही काहीतरी केलंच. प्लास्टिकची खुर्ची, उशा, ओढणी, खाली पाट. जेवण्यापुरतं भागायचं. जूनमध्ये रंजना तीच खुर्ची डोक्यावर आणि कोमलला कडेवर घेऊन बालवाडीत गेली. बाईंनी खुर्ची हलवून बघितली. ती हलली.

“हिच्यातून पडली तर जबाबदारी कुणाची? तुमची ती पट्ट्याची खुर्ची आणा की. कार्यक्रम करून देणार म्हणत होता ना?”

मी केंद्रात गेले. आप्पा म्हणाले, पितळी पाटी करायचं ठरलं आहे. पाटी कुठे लावायची, त्यावर एकमत होत नव्हतं. पाठीमागे लावली तर तात्यासाहेबांना मागे टाकल्यासारखं होतं, हे एका सदस्याचं मत. हाताजवळ लावली तर पोरगी ओरबाडेल, हे दुसऱ्याचं. मी ऑइल मिलमध्ये जाऊन जयवंतरावांना भेटले.

“मी दोनदा फोन केला,” ते म्हणाले. “आप्पा म्हणाले, शेठ, तुम्ही यात बोलू नका, आम्हाला आणखी लाजवू नका. खरं सांगू का मॅडम, नाव घाला असं मी म्हटलंच नव्हतं. विचारलंही नाही मला कुणी.”

“मग आता खुर्ची मागून घ्या ना परत, आणि द्या तिला.”

“दिलेलं दान परत मागायचं? मला गावात राहायचंय मॅडम.”

पावसाळ्यात कोमलची छाती पुन्हा भरली. वॉर्डात रंजना तिला मांडीत घेऊन बसलेली असायची, डावा हात मानेखाली. एकदा मला म्हणाली, “म्याडम, त्या नावाला पाय लागलं म्हून तर न्हवं?”

मी एवढी संतापले की पलीकडच्या खाटेवरचं मूल जागं झालं. रंजनावर नव्हे. पण त्या वेळी समोर तीच होती.

“अहो, पाय लागले तेवढाच वेळ ती नीट जेवली!”

“व्हय की,” ती म्हणाली. “पर तवा आपन इचारलं न्हवतं त्यास्नी.”

कोणाला विचारायचं होतं? तात्यासाहेबांना, की आप्पांना? मी तिला विचारलं नाही. मी पुन्हा केंद्रात गेले आणि आप्पांशी भांडले. मग आणखी एकदा भांडले. मग त्यांच्या दारातल्या माणसाने मला आप्पा बाहेरगावी गेल्याचं सांगितलं, तेव्हा आतून आप्पांचा खोकला ऐकू येत होता.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरं शिबिर ठेवलं गेलं. आप्पांचा मला निरोप आला, झालं गेलं विसरा आणि त्या मुलीला घेऊन या. मी गेले. नवे डॉक्टर, नव्या नर्सेस, नव्या वह्या. साठ्ये म्हणत होते, माणूस पायांवर बसतो. खुर्ची मध्यभागी होती, प्लास्टिक काढलेलं. बाजूच्या पट्टीवर, पोरीचा हात पोचणार नाही आणि कॅमेऱ्याला चुकणार नाही अशा जागी, छोटी पितळी पाटी होती. आणि खाली नवी फळी बसवली होती, गुळगुळीत पॉलिश केलेली, अगदी कोरी. आप्पांनी ती मला स्वतः दाखवली. त्यांच्या चेहऱ्यावर न्याय दिल्याचं समाधान होतं.

“आता ठेवू दे तिला पाय, पाहिजे तितके,” ते म्हणाले.

रंजना नवं पातळ नेसून आली होती. बालवाडीच्या बाईंना ती सकाळीच सांगून आली होती, आज खुर्ची घेऊन येते म्हणून. आम्ही दोघींनी कोमलला उचललं आणि खुर्चीत ठेवायला लागलो.

कंबर दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत अडकली. मी जरा दाबून बघितलं, तेव्हा ती कळवळली. पाय फळीवर टेकवले, तर गुडघे ट्रेला जाऊन लागले.

रंजना म्हणाली, “जरा सरकवून बगा की म्याडम.”

सरकवायला जागा नव्हती. कोमल वर्षभरात वाढली होती.